कोवळ्या गुणाची किंमत कशी बांधावी?

व्यापारात खरेदी दोन प्रकारची असते. एक तयार मालाची. ताका उलगडला, पोत बोटांनी पाहिला, रंग ओल्या फडक्याने घासून पाहिला, भाव जमला तर उचलला. दुसरी खरेदी उभ्या पिकाची. केळीचा बाग अजून निसवायचा आहे, घड दिसलेला नाही, तरी व्यापारी बांधावर उभा राहून आकडा बोलतो. पहिल्या खरेदीत आपण मालाचा भाव देतो, दुसरीत अंदाजाचा. जामनेर, पहूर, शेंदुर्णीच्या बाजारातले आमचे बहुतेक बांधव पहिल्या खरेदीत तरबेज आहेत. दुसरीत मात्र चांगले चांगले फसतात. आणि फसण्याचे कारण बहुधा मालात नसते, बोलीत असते.

या दुसऱ्या खरेदीचा एक धडा आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत. उदाहरण क्रिकेटच्या लिलावातले आहे. क्रिकेट हा या पानाचा विषय नव्हे, हे खरे. पण लिलाव हा आमचा विषय आहे; आणि दुकानाच्या गादीवर बसून आजची पोरे या बोल्यांवर ज्या हिरिरीने वाद घालतात, तितक्या हिरिरीने कपाशीच्या भावावरही घालत नाहीत. शिवाय येथे एक सोय आहे. आपल्या पेठेत कोणी किती मोजले आणि कितीला बुडाला, हे कोणी सांगत नाही. त्या लिलावात सगळे आकडे जगासमोर असतात, त्यामुळे हिशोब शिकायला ते बरे.

प्रश्न असा की ज्याने आपल्या बाजारात अजून काहीच करून दाखवलेले नाही, अशा परदेशी, कोवळ्या वयाच्या, पण गुणी खेळाडूवर संघाने मोठी रक्कम लावावी काय?

जिद्द्याचा सौदा

२४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी आयपीएलचा मोठा लिलाव सौदी अरबस्तानात जिद्दा येथे झाला. जिद्दा म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे हजचा प्रवास येतो. तेथे दोन दिवस खेळाडूंची बोली चालली. दुसऱ्या दिवशी मुंबई इंडियन्सने अल्लाह गझनफर या अफगाण फिरकी गोलंदाजाला ४ कोटी ८० लाख रुपयांना घेतले. मूळ किंमत ७५ लाख, म्हणजे बोली सहापटीहून वर गेली. पक्तिया प्रांतातला हा मुलगा तेव्हा १८ वर्षांचा होता आणि आयपीएलचा एकही सामना खेळलेला नव्हता.

याच मुलाचा आदला भाव पाहा. मार्च २०२४ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सचा अफगाण गोलंदाज मुजीब उर रहमान जायबंदी झाला, तेव्हा त्याच्या जागी कोलकात्याने गझनफरला २० लाखांत आणले होते. त्या हंगामात त्याला एकदाही मैदानावर उतरवले नाही. म्हणजे आठ महिन्यांत भाव चोवीस पट झाला. मधल्या काळात काय घडले? ऑक्टोबरमध्ये ओमानात अफगाणिस्तानच्या उदयोन्मुख संघाने आशियाई स्पर्धा जिंकली, त्यात तो होता. आणि ६ नोव्हेंबरला शारजात बांगलादेशाविरुद्ध एकदिवसीय सामन्यात त्याने २६ धावांत ६ बळी घेतले. बांगलादेशाचे दोन गडी बाद १२० झाले होते, ते १४३ वर सर्वबाद झाले. लिलाव यानंतर तीन आठवड्यांच्या आत.

कपाशीवाल्यांना येथे जास्त सांगायला नको. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. तो आकडा डोक्यात बसला. पुढच्या हंगामात कितीतरी शेतकऱ्यांनी माल घरात भरून ठेवला, खोल्या भरल्या, अंगाला खाज सुटली तरी विकला नाही, आणि शेवटी बराच खाली द्यावा लागला. शेवटचा मोठा आकडा हा नेहमी सर्वांत जवळ दिसतो. शारजाचे सहा बळी हा असाच जवळ दिसणारा आकडा होता.

दुसरी गोष्ट वेळेची. पहिल्या दिवशी फिरकी गोलंदाजांचा चांगला माल उचलला गेला होता. अफगाणिस्तानचाच नूर अहमद १० कोटींत चेन्नईकडे गेला. श्रीलंकेचे वानिंदु हसरंगा आणि महीश तीक्षणा, दोघेही राजस्थानने घेतले, ५ कोटी २५ लाख आणि ४ कोटी ४० लाखांना. मग दुसऱ्या दिवशी त्याच जातीचा जो माल उरला त्याचा भाव कोणता राहणार? चांदरातीला रात्री अकरा वाजता गिऱ्हाईक जो भाव देते तोच. आम्ही कापडवाले या रात्रीवर वर्षाची कसर काढतो, म्हणून आम्हाला हे पक्के ठाऊक आहे की चांदरात विकण्याची रात्र आहे, घाऊक खरेदीची नव्हे.

पुढे काय झाले ते बहुतेकांना माहीत असेल. लिलावानंतर गझनफर अफगाण संघाबरोबर झिम्बाब्वेला गेला. हरारेत त्याने ३३ धावांत ५ बळी घेतले, म्हणजे गुण खोटा नव्हता. पण त्याच दौऱ्यात पाठीचा मणका दुखावला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अफगाण मंडळाने जाहीर केले की मणक्याला तडा गेला आहे, किमान चार महिने खेळता येणार नाही. चॅम्पियन्स ट्रॉफी गेली आणि आयपीएलही गेले. मुंबईने बदली म्हणून कोणाला आणले? त्याच मुजीबला, २ कोटींत. आदल्या वर्षी मुजीबच्या जागी गझनफर, या वर्षी गझनफरच्या जागी मुजीब. नशिबाचा हा फेरा गमतीचा आहे, पण धडा त्यात नाही.

थैलीचा हिशोब

धडा कशात नाही हे आधी सांगितले पाहिजे, कारण पोरे नेमकी तेथेच चुकतात. "पाठ मोडली, पैसे वाया गेले, म्हणजे सौदा चुकला," असे ती म्हणतात. हा हिशोब बरोबर नाही. गोदामाला आग लागली म्हणून आधी केलेली खरेदी वाईट ठरत नाही, आणि एखादा भंगार ताका चुकून खपला म्हणून ती खरेदी चांगली ठरत नाही. सौदा त्या दिवशी जे माहीत होते त्यावर तोलायचा असतो. तर २५ नोव्हेंबरला मुंबईच्या माणसांना काय माहीत होते?

त्यांची थैली माहीत होती. प्रत्येक संघाला २०२५ साठी १२० कोटींची मर्यादा होती. मुंबईने बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक वर्मा असे पाच जण कायम ठेवले, त्यात ७५ कोटी गेले. लिलावाला हातात उरले ४५ कोटी. संघात किमान १८ खेळाडू लागतात, म्हणजे कमीत कमी तेरा जागा भरायच्या होत्या. परदेशी खेळाडू जास्तीत जास्त आठ ठेवता येतात आणि मैदानावर एका वेळी चारच उतरतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, या बाजारात उधारी नाही. व्याजाने आणून बोली वाढवता येत नाही, पुढच्या ईदला देतो म्हणता येत नाही. जेवढी थैली तेवढाच बाजार.

जेथे उधारी नाही तेथे वस्तूची खरी किंमत रुपयांत नसते. तिच्यामुळे जे घेता आले नाही, ती तिची खरी किंमत. हे वाक्य वाचकांनी दोनदा वाचावे अशी विनंती आहे, कारण आपल्या पेठेत उधारी इतकी मुरली आहे की आपण हा हिशोब करायचेच विसरलो आहोत. सुरतच्या आडत्याकडून नव्वद दिवसांच्या मुदतीवर माल येतो, म्हणून आपल्याला वाटते की एका गाठीमुळे दुसरी गाठ अडत नाही. अडते. मुदत संपते तेव्हा कळते.

आता तेरा जागांना ४५ कोटी, म्हणजे एका जागेला सरासरी साडेतीन कोटींच्या आत. ट्रेंट बोल्टला १२ कोटी ५० लाख आणि दीपक चाहरला ९ कोटी २५ लाख गेले, ते वेगळे. ते तयार माल आहेत. नवा चेंडू घेऊन पहिल्या दिवसापासून काम करणारे. पण ज्याच्याकडून पहिल्या वर्षी खेळण्याचीही हमी नाही, त्याला सरासरी जागेपेक्षा जास्त देणे म्हणजे बांधावर उभे राहून तयार घडाचा भाव बोलणे होय. आमच्या हिशोबाने साडेतीन कोटींवर हात खाली घ्यायला हवा होता.

मुंबईच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पूर्ण थैलीशी तुलना केली तर ४ कोटी ८० लाख हे १२० कोटींचे चार टक्के. २०१७ मध्ये हैदराबादने १८ वर्षांच्या रशीद खानला ४ कोटींना घेतले तेव्हा थैली ६६ कोटींची होती, म्हणजे सहा टक्के. रशीदचीही मूळ किंमत फक्त ५० लाख होती आणि तेव्हाही लोक हसले होते. त्याने पहिल्याच हंगामात १७ बळी घेतले. हैदराबादसाठी पाच हंगामांत ९३. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्याला परत ठेवायला हैदराबादला ९ कोटी मोजावे लागले आणि ते मोजून संघ खूश होता. तेव्हा कोवळ्या परदेशी पोरावर पैसे लावूच नयेत, असे जे म्हणतात त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. तसे म्हणणाऱ्याने केळीचा धंदाच करू नये.

मग रशीद आणि इतरांत फरक कसा ओळखायचा? येथे कापडवाल्याला दोन शब्द बोलण्याचा हक्क आहे.

डिझाइन आणि वीण

कापडाचा भाव दोन गोष्टींना मिळतो. एक डिझाइनला, एक विणीला. नवे डिझाइन बाजारात आले की पहिल्या हंगामात त्याला मागेल तो भाव मिळतो. पण दिवाळी ते लग्नसराई एवढ्यात सुरतेहून त्याची नक्कल येते, आणि ज्याने शंभर ताके भरून ठेवले तो ते निम्म्या भावात काढतो. विणीची नक्कल इतक्या लवकर होत नाही. चांगली वीण पाच वर्षांनीही चांगलीच राहते.

ज्यांना गूढ फिरकी गोलंदाज म्हणतात त्यांचा भाव बव्हंशी डिझाइनचा असतो. चेंडू कोणत्या बोटातून सुटतो हे फलंदाजाला कळत नाही, तोवर भाव. मग चित्रफिती पाहून कळते. मुजीबचेच पाहा. २०१८ मध्ये पंजाबने त्याला ४ कोटींना घेतले तेव्हा तो १६ वर्षांचा होता. त्या हंगामात ११ सामन्यांत १४ बळी. पुढच्या हंगामात तीन. त्यानंतर दीड कोटी, मग काही वर्षे खरेदीदारच नाही, मग कोलकात्याचे २ कोटी आणि दुखापत. बांगलादेशाचा मुस्तफिजुर रहमान २०१६ मध्ये हैदराबादने १ कोटी ४० लाखांना आणला. वीस वर्षांच्या त्या पोराने १७ बळी घेतले, संघ विजेता ठरला. मग खांद्याची दुखापत झाली. २०१८ मध्ये मुंबईने त्याला २ कोटी २० लाखांना घेतले, सात सामन्यांत सात बळी मिळाले आणि हंगाम संपल्यावर सोडून दिले. म्हणजे या जातीचा तजुर्बा मुंबईला नव्याने घ्यायचा नव्हता.

रशीदचा चेंडूही फलंदाजांनी पुष्कळ वेळा पाहिला. पण त्याचा भाव गूढावर नव्हता. वेग आणि अचूकपणा यांवर होता. ती वीण आहे. गझनफर उंच आहे, आधी वेगवान गोलंदाजी करायचा, मग फिरकीकडे वळला. त्याच्यात वीण किती आणि डिझाइन किती, हे शारजाच्या एका दुपारी कळणे शक्य नव्हते. ते कळायला नेटमध्ये महिनोन्‌महिने पाहावे लागते. आणि ते पाहणे स्वस्तात होते. गुजरातने नूर अहमदला २०२२ मध्ये ३० लाखांत घेतले, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. पहिल्या हंगामात एकही सामना दिला नाही, बसवून ठेवला, पाहिला. २०२३ मध्ये त्याने १६ बळी दिले. ३० लाखांचा बाग एक वर्ष पाणी देऊन राखला आणि मग कटाई केली. पुढे चेन्नईने त्याच नूरला १० कोटी दिले आणि २०२५ मध्ये २४ बळी मिळवले. पण तेव्हा तो तयार माल झाला होता. तेथे महाग घेणाराही चुकला नाही.

गंमत म्हणजे स्वस्तात पाहून घेण्याची ही विद्या मुंबईला इतरांपेक्षा जास्त येते. हार्दिक पांड्या २०१५ मध्ये त्यांनी १० लाखांत घेतला होता. तिलक वर्मा २०२२ मध्ये १ कोटी ७० लाखांत. आणि ज्या जिद्द्याच्या लिलावात गझनफरवर ४ कोटी ८० लाख गेले, त्याच लिलावात मुंबईने आणखीही फिरकीवाले उचलले, त्यांतले दोन पाहा. न्यूझीलंडचा मिचेल सँटनर, वय ३२, मूळ किमतीलाच, २ कोटींना. आणि केरळातल्या मलप्पुरमचा विघ्नेश पुथूर, ३० लाखांना. हा तर केरळच्या मुख्य संघाकडूनही खेळलेला नव्हता, मुंबईच्या पारखी माणसांनी स्थानिक स्पर्धेतून शोधला होता. २३ मार्च २०२५ ला चेन्नईविरुद्ध पहिल्याच सामन्यात पुथूरने ऋतुराज गायकवाडसह तीन बळी घेतले. सँटनर हंगामभर खेळला, आणि २१ मे रोजी वानखेडेवर दिल्लीविरुद्ध ११ धावांत ३ बळी घेऊन संघाला बाद फेरीत नेण्यात त्याचा मोठा वाटा होता. मुजीबला फारसे खेळवण्याची गरजच पडली नाही. एका टोपलीतले तीन जिन्नस. सर्वांत महागाचा घरी, मधल्या भावाचा कामाला आला, सर्वांत स्वस्ताने वाहवा मिळवली. नंतर पुथूरही जायबंदी झाला. पण ३० लाखांचा माणूस जायबंदी झाला तर संघ हलत नाही.

परवान्याचा धोका

परदेशी मालाला एक जोखीम जास्त असते, तिचा मालाच्या प्रतीशी संबंध नाही. परवाना. खेळाडूच्या देशाच्या मंडळाने ना-हरकत दिली तर तो येतो. डिसेंबर २०२३ मध्ये अफगाण मंडळाने मुजीब, फझलहक फारूकी आणि नवीन उल हक या तिघांना दोन वर्षे परदेशी स्पर्धांसाठी ना-हरकत न देण्याचा निर्णय घेतला होता. जानेवारीत तो सैल केला, म्हणून संघ वाचले. मुस्तफिजुरला कोलकात्याने डिसेंबर २०२५ मध्ये ९ कोटी २० लाखांना घेतले आणि जानेवारी २०२६ मध्ये दोन देशांतील तणावामुळे भारतीय मंडळाच्याच सांगण्यावरून सोडावे लागले. बांगलादेशाशी ज्यांचा कापडाचा व्यवहार आहे त्यांना सीमेवर थांबलेल्या ट्रकचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. अशा मालाच्या भावातून ही जोखीम आधीच कापून घ्यायची असते. बोलीच्या भरात ती कोणी कापत नाही.

अमेरिकेतला जुना दाखला

हा प्रश्न आपल्याकडे नवा असला तरी अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये जुना आहे. आपल्या शाळांत सॉफ्टबॉल खेळतात, त्याच जातीचा हा खेळ. तेथील संघ क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला या देशांतून सोळा-सतरा वर्षांची पोरे करारावर घेतात. २०१५ मध्ये बोस्टन रेड सॉक्सने योआन मोंकाडा या १९ वर्षांच्या क्युबन मुलाला ३ कोटी १५ लाख डॉलर दिले. मर्यादा ओलांडल्यामुळे तेवढाच दंड लीगला भरावा लागला, म्हणजे एकूण ६ कोटी ३० लाख डॉलर. ज्याने तेथील मोठ्या लीगमध्ये एक चेंडूही मारलेला नव्हता त्याच्यासाठी!

बोस्टनसाठी मोंकाडा फक्त आठ सामने खेळला. मग सौदा बुडाला काय? नाही. डिसेंबर २०१६ मध्ये बोस्टनने मोंकाडा आणि आणखी तीन तरुण पोरे शिकागोच्या व्हाइट सॉक्सला दिली आणि बदल्यात क्रिस सेल हा पूर्ण तयार गोलंदाज घेतला. २०१८ मध्ये बोस्टनने विजेतेपद मिळवले, तेव्हा शेवटचा डाव सेलनेच टाकला. याला आम्ही व्यापार म्हणतो. बाग निसवण्याआधी घेतला आणि निसवताच दुसऱ्याला दिला. पण बोस्टनला दोन गोष्टी होत्या ज्या मुंबईला नव्हत्या. एक, दंड भरून थैली मोठी करता येत होती. दोन, अशा पोरांचा पुनर्विक्रीचा बाजार तेथे गरम आहे. आयपीएलमध्ये अदलाबदल होते, पण एवढी नाही. ज्या मालाला दुसरा घेणारा नाही तो उभा घेऊ नये, हे केळीवाले आपल्याला शिकवतीलच.

पुढे बेसबॉलवाल्यांनी या रकमांवर पक्की मर्यादा घातली. म्हणून २०१७ मध्ये जपानचा शोहेई ओहतानी, जो पुढे या खेळाचा सर्वांत मोठा खेळाडू ठरला, तेविसाव्या वर्षी एंजल्सकडे गेला तेव्हा त्याला हातात फक्त २३ लाख डॉलरच्या आसपास मिळाले. त्याच्या जपानी क्लबला २ कोटी डॉलर वेगळे. एक उलट दाखलाही आहे. २००८ मध्ये पिट्सबर्गने आपल्या उत्तर प्रदेशातली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही भालाफेक करणारी दोन पोरे करारावर घेतली. त्यांतला रिंकू गालिच्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भदोहीकडचा. दोघेही मोठ्या लीगपर्यंत पोचले नाहीत. संघाचे त्यात फारसे गेले नाही, कारण लावले फारसे नव्हते.

आपल्या दुकानात

आता वाचक विचारतील, आमच्याकडे कोटींच्या बोल्या कोठे आहेत? नाहीत. पण पेशगी आहे. लग्नसराई तोंडावर आली की रेडिमेड शिवणाऱ्या आमच्या बांधवांकडे बाहेरगावचा एखादा तरुण कटिंग मास्टर येतो. हात चांगला, एक-दोन नमुने डोळ्यांत भरणारे, आणि मागणी मोठ्या रकमेची. मालेगावच्या मागवाल्यांकडेही आगाऊ रकमेशिवाय कारागीर मिळत नाही. हा लिलावच आहे, फक्त हातोडा नाही. शेजारचा दुकानदार चार हजार जास्त बोलतो आणि आपले डोके गरम होते.

अशा वेळी करायचा हिशोब साधा आहे. समजा दुकानात मोकळा पैसा पाच लाख आहे. मोकळा म्हणजे मालात नाही, उधारीत नाही, पोरीच्या लग्नासाठी राखलेला नाही. मास्टर एक लाख मागतो. म्हणजे आपल्या मोकळ्या पैशाचा पाचवा हिस्सा एका माणसावर. तो दोन महिन्यांनी गेला किंवा आजारी पडला तर दुकान चालेल काय, हा पहिला प्रश्न. त्याच लाखात जुना, सावकाश पण भरवशाचा कारागीर आणि हाताखाली एक शागीर्द मिळतो काय, हा दुसरा. आणि जो आकडा या दोन उत्तरांतून निघेल तो मास्टर दुकानात येण्याआधी चिठ्ठीवर लिहून गल्ल्यात ठेवावा. समोर माणूस बसल्यावर लिहिलेला आकडा नेहमी मोठा निघतो.

रकमेची तोडही करता येते. सगळी पेशगी पहिल्या दिवशी कशाला? काही रुजू होताना, काही पहिला घाणा उतरल्यावर, काही सीझनच्या शेवटी. कापडात आपण जांगड माल घेतोच, न खपल्यास परत. माणूस काही परत पाठवायचा ताका नव्हे, म्हणून त्याच्या बाबतीत जोखीम रकमेच्या तारखांत वाटून घ्यावी. त्यातही त्याचा अपमान होऊ नये. आणि तो आजारी पडला तर दवाखान्याचा खर्च आपल्या अंगावर आहे असे धरूनच आकडा बांधावा. नंतर पेशगीतून कापून घेणे शोभत नाही, आणि पुढच्या वर्षी चांगला कारागीर तुमच्या दारात येत नाही.

राहिला प्रश्न मुंबईचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा तोच निर्णय समोर आला. गझनफर आता १९ वर्षांचा, आयपीएलचा एकही चेंडू न टाकलेला, आणि त्याला ठेवायचे तर पुन्हा ४ कोटी ८० लाख. मुंबईने त्याला कायम ठेवले. आमच्या मते हे बरोबर केले. आदल्या वर्षीची रक्कम या हिशोबात धरायचीच नसते, ती गेली. प्रश्न एवढाच की आज ४ कोटी ८० लाखांत बाजारात याहून चांगले काय मिळते? मुंबईच्या थैलीत लिलावासाठी २ कोटी ७५ लाख उरले होते. गझनफरला सोडले असते तर ७ कोटी ५५ लाख झाले असते. १६ डिसेंबरला अबू धाबीत भारताचा फिरकीवाला रवी बिश्नोई एकटाच ७ कोटी २० लाखांना गेला, आणि प्रशांत वीर व कार्तिक शर्मा या विशी-एकोणिशीतल्या पोरांवर चेन्नईने प्रत्येकी १४ कोटी २० लाख लावले. त्या बाजारात वर्षभर जवळून पाहिलेला, पाठ बरी झालेला फिरकीवाला ४ कोटी ८० लाखांना महाग नव्हता. तोच मुलगा, तोच आकडा. २०२४ मध्ये आम्ही साडेतीनला हात खाली घेतला असता, २०२५ मध्ये ठेवून घेतला असता.

उरलेल्या २ कोटी ७५ लाखांतून मुंबईने अबू धाबीत क्विंटन डी कॉक घेतला. मूळ किमतीला, १ कोटीत.